राग चार्जरचा, गळती कार्डाची

प्रश्न:

माझे मिस्टर तसे समंजस आहेत, पण पैशांच्या बाबतीत त्यांचं डोकं कसं चालतं हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. मागच्या महिन्यात मोबाइलचा चार्जर घ्यायचा होता. घराजवळच्या दुकानात मिळत होता. पण लांबच्या दुकानात थोडा स्वस्त आहे म्हणून हे रविवारची अख्खी सकाळ घालवून तिकडे गेले आणि लढाई जिंकल्यासारखे परत आले. आठवड्याभरात आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. बिल करताना काउंटरवरच्या मुलाने वाढीव वॉरंटीचं विचारलं. तेवढ्या पैशांत तसले दहा चार्जर आले असते. हे म्हणाले, "घालून टाका." घासाघीस नाही, विचार नाही! जिमचे पैसे दरमहा आपोआप कापले जातात, जिमचं तोंड पाहून मात्र कित्येक महिने झालेत. बंद करा म्हटलं की "पुढच्या महिन्यापासून जातोय ना." क्रेडिट कार्डाची बाकी वर्षभर मागे लागली आहे, बँकेत मुदत ठेव आहे, पण तिला हात लावायचा नाही, कारण ती मुलीच्या शिक्षणाची. मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, विचार करून खर्च करते. ऑनलाइन काही मागवताना डिलिव्हरी चार्ज लागू नये म्हणून एखादी उपयोगी वस्तू वाढवते. वर्षाची फी भरून फ्रेंचचा कोर्स घेतलाय, त्यात अजिबात रमत नाही, तरी पैसे भरलेत म्हणून दर शनिवारी नेटाने बसते. माणसाने असं असावं ना? यांना हिशेब शिकवायचा तरी कसा?

– हिशेबी

उत्तर:

हिशेबीताई,

तुमच्या पत्रात चार्जरला सगळ्यांत ऐसपैस जागा मिळाली आहे. त्याखालोखाल वॉरंटीला. कार्डाची बाकी आणि मुदत ठेव तुम्ही एका वाक्यात उरकलीत. रकमांच्या क्रमाने लिहिलं असतंत तर पत्र बरोबर उलटं झालं असतं. चार्जरचा किस्सा घडला आणि संपला. वॉरंटीचे पैसे एकदाच गेले. कार्डाचं व्याज मात्र तुम्ही दोघं चार्जरवरून भांडत होतात तेव्हाही चढत होतं आणि आत्ताही चढतंय. जे डोळ्यांदेखत घडतं त्याचा संताप येतो, स्टेटमेंटच्या आतल्या पानावर जे घडतं त्याचा येत नाही. म्हणून मी कार्डापासून सुरुवात करते, चार्जरचं नंतर बघू.

एकाच माणसाकडे कमी व्याजाची ठेव आणि जबर व्याजाचं कर्ज, दोन्ही एका वेळी सुखाने नांदतात, हे अर्थशास्त्रातलं नावाजलेलं कोडं आहे. डेव्हिड ग्रॉस आणि निकोलस सूलेलेस यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डधारकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्डावर कर्ज वागवणाऱ्या बहुतेकांकडे थोडेफार तरी सहज मोडता येतील असे पैसे होते, आणि बऱ्याच जणांकडे महिन्याच्या कमाईहून जास्त. म्हणजे तुमचे मिस्टर एकटे नाहीत.

व्याजाचा हिशेब तुम्हाला मी काय सांगणार, पण एकदा आकडा समोर ठेवते. समजा कार्डावर महिन्याला ३ टक्के लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज चढत गेलं की वर्षाला ते ३६ न राहता जवळपास ४३ टक्के होतं. एवढं देणारी मुदत ठेव सापडली तर ती ठेवणारी बँक आधी तपासून घ्या. तेव्हा कागदावर उत्तर एका ओळीचं आहे: ठेव मोडा, बाकी फेडा, फरक खिशात. हे तुम्ही मिस्टरांना नक्कीच अनेकदा सांगितलं असेल आणि ते पटत नाही असं नाही, तर पचत नाही.

ते का पचत नाही, याचं उत्तर रिचर्ड थेलर यांच्या कामात सापडतं. याच प्रकारच्या संशोधनासाठी २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण पैशांना मनातल्या मनात चिठ्ठ्या लावतो, हा घरखर्चाचा, हा मौजेचा, हा मुलीचा, आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्या कप्प्यात सहजासहजी जाऊ देत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८१ मध्ये विचारलेला प्रश्न या बाबतीत फार बोलका आहे. तुम्ही नाटकाला गेला आहात, तिकीट १० डॉलरचं. दाराशी लक्षात येतं की खिशातली १० डॉलरची नोट कुठेतरी पडली. तरी तिकीट काढाल का? ८८ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला थोडं वेगळं विचारलं: तिकीट आधीच काढलेलं होतं, तेच हरवलं. नवीन काढाल का? आता फक्त ४६ टक्के हो म्हणाले. दोन्हीकडे नुकसान १० डॉलरचं आणि आत जायला आणखी १० डॉलरच लागणार. पण हरवलेलं तिकीट 'नाटक' या कप्प्यातून जातं, त्यामुळे तेच नाटक एकाएकी दुप्पट महाग वाटायला लागतं. हरवलेल्या नोटेवर कुठल्याच कप्प्याची चिठ्ठी नसते, म्हणून तिचा भार नाटकावर पडत नाही.

मुलीच्या शिक्षणाची ठेव ही अशीच चिठ्ठी लावलेली आहे. ती मोडून कार्ड फेडायचं म्हणजे, मिस्टरांच्या मनात, पोरीच्या कॉलेजच्या पैशांतून आपल्या जुन्या खरेद्या भागवायच्या. तुम्हाला ती नुसती बेरीज-वजाबाकी वाटते, त्यांना ते पाप वाटतं.

आणि आता मी मिस्टरांची थोडी बाजू घेणार आहे, चालेल ना? त्या चिठ्ठीत निव्वळ वेडेपणा नाही. थेलर आणि हर्श शेफ्रिन यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं की एकाच माणसात दोन माणसं असतात: एक पुढचा बेत आखणारा, दुसरा आत्ता हाताला लागेल ते खर्चणारा. पहिला दुसऱ्याला ओळखून असतो, म्हणून तो पैशांना कुलूप घालतो. ठेव हे तसलं कुलूप आहे. मिस्टरांना बहुधा मनातून ठाऊक आहे की आज ठेव मोडून कार्ड कोरं केलं तर वर्षभरात कार्ड पुन्हा भरेल आणि तेव्हा ठेवही नसेल. ही भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. ग्रॉस आणि सूलेलेस यांच्याच अभ्यासात दिसलं की कार्डाची मर्यादा वाढवली की लोकांचं कर्जही लगोलग वाढतं. कार्ड फेडणं म्हणजे एका अर्थाने तीच मोकळी मर्यादा पुन्हा हातात येणं.

तेव्हा नुसतं "ठेव मोडा" म्हणू नका, ते अर्धंच औषध आहे. आधी ठेवीतला अडीअडचणीचा भाग बाजूला काढा: नोकरीत खंड पडला किंवा दवाखाना निघाला तर काही महिने निघतील एवढा. त्याला कोणी हात लावायचा नाही, तुम्हीही नाही. उरलेल्यातून कार्ड पूर्ण फेडायचं. अर्धवट फेडू नका, कारण बाकी थोडी जरी राहिली तरी बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्याच दिवशी कार्डाची मर्यादा कमी करून घ्यायची. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळे नेमकी हीच विसरतात. आणि आजवर कार्डाला जेवढे पैसे दरमहा जात होते तेवढेच, एक पैसा कमी नाही, खात्यातून आपोआप मुलीच्या नावाच्या नव्या ठेवीत वळवायचे. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. आपोआप कापले जाणारे पैसे कोणी थांबवायला जात नाही हे तुम्ही जिमवरून पाहिलंच आहे. तोच आळस इथे कामाला लावा.

कार्डाच्या बिलावर 'किमान भरावयाची रक्कम' छापलेली असते ना, तिच्याकडेही जरा संशयाने बघा. ती सूचना तुमच्या सोयीसाठी आहे असं दिसतं. नील स्टुअर्ट या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये लोकांना नमुन्याची बिलं दाखवली. ज्यांना किमान रकमेचा आकडा दिसत होता आणि जे पूर्ण बिल भरणार नव्हते, त्यांनी आकडा न दिसणाऱ्यांपेक्षा बरीच कमी रक्कम भरायची ठरवली. एकदा लहान आकडा डोळ्यांत भरला की मन त्याच्याच आसपास घुटमळतं. मिस्टर दर महिन्याला किती भरतात ते पाहा. किमान रकमेच्या जरा वर असेल तर समजून जा.

आता जिम आणि फ्रेंच. पत्रात तुम्ही ही दोन उदाहरणं आमनेसामने उभी केलीत, ते पैसे वाया घालवतात आणि मी वसूल करते, अशी. मला मात्र यात तुमची बाजू त्यांच्याहून भक्कम दिसत नाही. रागावू नका, पुढे वाचा.

जिमचं आधी. २००६ मध्ये स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या ७,७५२ सदस्यांची तीन वर्षांची हजेरी तपासली. महिन्याला ७० डॉलरच्या वर फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते, म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर एका खेपेला १० डॉलरच पडले असते. शेवटचं तोंड दाखवल्यापासून सदस्यत्व रद्द करेपर्यंत सरासरी २.३ महिने पूर्ण जात होते, फी भरत भरत.

या लोकांना गुणाकार येत नव्हता असं नाही. त्यांनी फी जिमची भरली नव्हती, पुढच्या महिन्यातल्या स्वतःची भरली होती. पहाटे उठणारा, आठवड्यातून चारदा घाम गाळणारा तो माणूस त्यांना अगदी स्पष्ट दिसत होता. फक्त तो कधी आला नाही. मिस्टरांना तुम्ही "बंद करा" म्हणता तेव्हा त्यांच्या कानावर "तुमच्याच्याने व्हायचं नाही" असं पडतं, आणि ते कबूल करण्यापेक्षा दरमहा फी भरणं सोपं असतं. म्हणून बंद करण्याची भाषाच सोडा. "जाल त्या दिवशी पैसे भरा" असा सौदा सुचवा. खरंच गेले तर थोडं जास्त पडेल, ते मी आनंदाने पडू देईन. नाही गेले तर खर्च शून्य, आणि कोणी कुणाला हरवलं असंही होत नाही. शिवाय कार्डाची मर्यादा कमी करायला जालच तर जमल्यास कार्डही बदलून घ्या. लिरान आइनाव्ह, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी सबस्क्रिप्शनचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की काही कारणाने ग्राहकाचं कार्ड बदललं गेलं आणि पैशांचा तपशील पुन्हा भरायची वेळ आली की रद्द करणाऱ्यांचं प्रमाण एकदम उसळतं. एरवी हेच लोक निमूट भरत असतात. नवीन नंबर टाकताना "हे मला हवंय का?" हा प्रश्न आपसूक समोर येतो. जिमच काय, तुमच्या घरात आणखी दोन-तीन विसरलेली सबस्क्रिप्शनं निघाली तर मला नवल वाटणार नाही. त्यातलं एखादं तुमचंही निघेल.

आता तुमचा शनिवार. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट १५ डॉलरला होतं. खिडकीवर आलेल्या काही जणांना त्यांनी पूर्ण किमतीला दिलं, काहींना २ डॉलर सूट दिली, काहींना ७ डॉलर. कोणाला किती सूट हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, त्यामुळे नाटकाची आवड तिन्ही गटांत सारखीच धरायला हरकत नाही. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजणारे जास्त नाटकांना आले. पैसे तिघांचेही गेलेले होते, नाटकं तीच होती. जास्त मोजलेत म्हणून जास्त बसले. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक दिसेनासा झाला, पैसे मोजल्याची टोचणी तेवढ्यात बोथट झाली असावी. तेव्हा तुमचाही नेट वर्षभर टिकेल याची खात्री धरू नका.

फ्रेंचची फी गेली. तुम्ही बसलात तरी गेली, झोपलात तरी गेली. शनिवारी बसून तुम्ही ती परत आणत नाही, तिच्यात एक शनिवार आणखी घालता. अकाउंट्समध्ये तुम्ही हे रोज पाळता, बुडीत खात्यात गेलेल्या रकमेच्या जोरावर नवा खर्च मंजूर करणाऱ्या साहेबांना तुम्हीच अडवत असाल. घरी येताना ते टेबलावर राहतं. एक प्रश्न विचारून बघा: हा कोर्स मला कोणी आज फुकट दिला असता, तर या शनिवारी मी बसले असते का? हो असेल तर खुशाल बसा. नाही असेल तर उठा. फी फुकट गेल्याचं वाईट वाटेल, पण ते एकदाच वाटेल.

आणि दोघांतला फरक तुमच्या लक्षात आला का? मिस्टर न येणाऱ्या महिन्यांसाठी पैसे भरतात, तुम्ही गेलेल्या पैशांसाठी दिवस भरता. त्यांची चूक निदान एका फोनवर थांबवता येते.

चार्जर आणि वॉरंटीला आता वेगळं फार काही लागत नाही, कारण तो एकाच स्वभावाचा दोनदा घेतलेला फोटो आहे. नाटकाचं कोडं ज्या लेखात आहे त्यातच कानेमन आणि ट्वर्स्की यांनी आणखी एक विचारलं होतं. तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर आणि १२५ डॉलरचं जॅकेट घेताय. विक्रेता म्हणतो, वीस मिनिटांवरच्या आमच्या दुसऱ्या दुकानात हाच कॅल्क्युलेटर १० डॉलरला आहे. जाल का? ६८ टक्के म्हणाले, जाऊ. मग किमतींची अदलाबदल केली: कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा, दुसऱ्या दुकानात १२० ला. आता २९ टक्केच तयार झाले. दोन्हीकडे वाचणार ५ डॉलर, जाणार वीस मिनिटं, एकूण बिल १४० डॉलर. पण १५ मधले ५ म्हणजे तिसरा हिस्सा, आणि १२५ मधले ५ म्हणजे चिल्लर. आपण रक्कम बघत नाही, टक्का बघतो. चार्जरच्या किमतीपुढे वाचलेले पैसे मिस्टरांना डोंगराएवढे दिसले आणि मशीनच्या किमतीपुढे वॉरंटी मुंगीएवढी.

विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. वॉरंटी बहुधा मोठी खरेदी ठरल्यावर, बिल होता होता विचारतात. आधी क्वचितच. मशीन घ्यायच्या आठ दिवस आधी कोणी दारावर येऊन नुसती वॉरंटी विकायला लागला असता तर मिस्टरांनी त्याला आत तरी घेतलं असतं का?

एक गोष्ट मला यात फार आवडते, म्हणून वाट वाकडी करून सांगते. अनुज शाह, एल्डार शफीर आणि सेंधिल मुलाइनाथन यांनी २०१५ मध्ये हेच प्रश्न वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांना विचारले. हातात पैसा कमी असणाऱ्यांची उत्तरं किमतीच्या आकाराने तितकीशी हलत नव्हती. ज्याला प्रत्येक नोट कशाची तरी कापून द्यावी लागते त्याच्या लेखी पाच म्हणजे पाचच, मग ते कशावरही वाचोत. सुखवस्तू माणसाची सवलत आहे ही, टक्क्यांत विचार करणं.

मोठ्या खरेदीच्या वेळी ती सवय मोडायची तर पैशाला दुसरं नाव द्या. शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना १४.९९ डॉलरची एक व्हिडिओ डीव्हीडी घ्याल का असं विचारलं. 'घेईन' आणि 'घेणार नाही' असे पर्याय दिले तेव्हा ७५ टक्के घेणार होते. दुसऱ्या गटात 'घेणार नाही' याच्यापुढे एवढंच जोडलं, की ते १४.९९ दुसऱ्या खरेदीला राहतील. घेणारे ५५ टक्क्यांवर आले. पैसे वाचले की ते उरतात, हे सांगावं लागतं माणसाला! तुम्ही ते रागाच्या भरात का होईना, अचूक केलंत: वॉरंटी म्हणजे दहा चार्जर. फक्त बिल झाल्यावर केलंत. हेच काउंटरवर हळूच म्हणायचं. खुद्द वॉरंटीबद्दल विचाराल तर माझं मत साधं आहे. ज्या नुकसानाने कंबरडं मोडेल त्याचा विमा घ्यावा. मशीन बिघडलं तर चिडचिड होईल, चार दिवस कपडे हाताने धुवावे लागतील, पण घर बसणार नाही. असल्या वॉरंट्यांचे पैसे तुम्ही घरातल्या प्रत्येक यंत्रामागे बाजूला टाकत गेलात तर एखादं खरोखर बिघडेल तेव्हा दुरुस्ती त्यातून निघायला हरकत नाही.

पण चार्जरची रविवार सकाळ तेवढी सोडून द्या. थेलर म्हणतात की वस्तूच्या उपयोगाचा आनंद वेगळा आणि सौदा जिंकल्याचा आनंद वेगळा. मिस्टरांनी दुसरा विकत घेतला, तोही एका सकाळच्या मोबदल्यात. कोणी त्याच वेळात क्रिकेट बघतं. त्याला तोटा म्हणायचं असेल तर सगळ्या छंदांना म्हणावं लागेल. हां, गाडीचं पेट्रोल जाळून जात असतील तर ते आधी वजा करायला सांगा.

डिलिव्हरी चार्जचं दोन ओळींत. चार्ज वाचवायला घातलेली वस्तू चार्जहून महाग असते की स्वस्त, एवढंच मागच्या काही ऑर्डरींत बघा. 'फुकट' या शब्दापुढे भल्याभल्यांची बेरीज चुकते. क्रिस्टिना शाम्पानिए, नीना मझार आणि डॅन एरियली यांनी २००७ मध्ये दोन चॉकलेटं विकायला ठेवली, भारीतलं १५ सेंटला, साधं १ सेंटला. बहुतेक घेणाऱ्यांनी भारीतलं उचललं. मग दोन्ही एकेका सेंटने उतरवली, १४ आणि शून्य. फरक तोच, पण आता बहुतेकांनी साधं उचललं. 'उपयोगी वस्तू' हा तुमचा शब्द मी तपासून घेतला असता.

आता तुमचा मूळ प्रश्न, यांना हिशेब कसा शिकवू. शिकवू नका. हिशेब त्यांना येतो, तुम्हालाही येतो, पण जिमच्या फीत त्यांच्या आणि फ्रेंचच्या वर्गात तुमच्या तो उपयोगी पडला नाही. सगळ्या आघाड्यांवर एकदम लढलात तर मिस्टर चार्जरचा बचाव करत बसतील, कारण तो करायला सोपा आहे, आणि कार्ड बाजूलाच राहील. यंदा एकच विषय घ्या, कार्डाचा. कार्डाची मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढा आणि त्यातलं फक्त व्याज आणि दंड यांची बेरीज करा, खरेद्यांकडे बघूसुद्धा नका. खरेद्या निघाल्या की "ते तू मागवलं होतंस" सुरू होतं. एकच आकडा कागदावर लिहून दाखवा. शेजारी त्याच वर्षात ठेवीवर मिळालेलं व्याज लिहा. टक्के अजिबात लिहू नका, रकमा लिहा. टक्क्यांनी काय होतं ते आत्ताच पाहिलं.

तरीही ठेव मोडायला त्यांचं मन घेत नसेल तर जबरदस्ती नको. बँकेत जाऊन दोन गोष्टी विचारा. मुदतीआधी मोडली तर व्याजात किती कपात होते, आणि ठेव न मोडता तिच्यावर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मिळेल का. अनेक बँका ते देतात, आणि ठेव तारण असल्यामुळे त्याचा दर कार्डाच्या दरापेक्षा बहुधा पुष्कळच कमी असतो. त्यातून कार्ड एका दिवसात फेडायचं आणि ते कर्ज ठरलेल्या हप्त्यांनी मिटवायचं. ठेव मोडण्याइतका फायदा होणार नाही, थोडं व्याज जाईल. पण मुलीच्या नावाची ठेव जागेवर राहील आणि मिस्टर सही करतील.